तक्रार लेखी असावी

माझ्या मामीला सगळे शिक्कामामी म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तिला ते आवडतं, म्हणून मीही बिनधास्त लिहितोय. बिशपांच्या कार्यालयात ती बावीस वर्षं आवक-जावक सांभाळते. म्हणजे आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, त्याला नंबर द्यायचा, तो नंबर जाडजूड वहीत चढवायचा आणि मग कागद पुढच्या टेबलावर सोडायचा. काम एवढंच. पण मामी ते अशा थाटात करते की बघणाऱ्याला वाटावं, हिने शिक्का मारल्याशिवाय आजची तारीख लागूच होत नसावी.

सकाळी पावणेनऊला ती आपली खिडकी उघडते. शिक्क्याची रबरी चाकं नखाने पुढे सरकवते, रद्दी कागदावर एकदा मारून बघते, त्यावर फुंकर घालते आणि खुर्चीतली उशी दोनदा थापटून मगच बसते. खिडकीला गज आहेत, गजांखाली हात जाईल एवढी फट आहे, आणि फटीपलीकडे येणाऱ्यांसाठी एक लाकडी बाक. बाकाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली मामीनेच पुठ्ठ्याची घडी सरकवली आहे, कारण सुतार आणायचा तर त्याचंही पत्र आवक व्हायला हवं आणि ते कुणी लिहीत नाही.

मामा पूर्वी बसच्या डेपोत वेळापत्रकं लावायचा, आता घरात लावतो. तो म्हणतो, "लग्नाच्या दिवशी मी सही केली आणि हिने सगळ्यांसमोर माझ्या सहीखालची तारीख तपासली. चुकली असती तर परत पाठवला असता मला."

"चुकली होतीच," मामी म्हणते. "मी दुरुस्त करून घेतली."

गावाकडची शाळा संपवून मी कॉलेजसाठी यांच्याकडे राहायला आलो. कॉलेज संपलं, नोकरी लागली, तरी हललो नाही. मामीच्या हाताला चव कशी आहे ते यावरून ओळखा. पण एवढ्या वर्षांत कार्यालयातली एक गोष्ट तिने घरात सांगितली असेल तर शपथ. फार तर जेवताना म्हणेल, "आज सतरा नंबरचं उत्तर आलं."

"काय आलं गं?"

"उत्तर."

तेव्हा पुढची हकिगत मी मामीकडून ऐकलेली नाही. जिची तक्रार होती तिनेच ती मला सांगितली, आणि मलाच काय, तिच्या दुकानात ब्लाउजचं माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगितली. लिहून झाल्यावर मामीला दाखवली. तिने चष्मा लावून सगळी वाचली आणि म्हणाली, "मी काही सांगितलेलं नाही, एवढं लिही." लिहिलं.

तर आधी जुनी पद्धत सांगतो, म्हणजे मामी एका कागदासाठी एवढी का अडून बसली ते कळेल.

पूर्वी कुणा फादरबद्दल तक्रारीचं पत्र आलं की ते मामीच्या टेबलावरून थेट सचिव फादरांकडे जायचं. सचिव फादर म्हणजे बिशपांच्या खालोखालचे. माणूस वाईट नाही. मऊ आवाजाचे, मोजकं जेवणारे, सगळ्यांचं भलं व्हावं असं वाटणारे. ते पत्र वाचायचे, उसासा टाकायचे आणि म्हणायचे, "बाई, यावर शिक्का नको. मी त्यांना चहाला बोलावतो." मग ते फादर चहाला यायचे. दार लोटलेलं असायचं, आतून आधी हळू बोलणं, मग थोडं हसणं ऐकू यायचं, कप बाहेर यायचे, आणि पत्र कधीच बाहेर यायचं नाही. कार्यालयात अशा पत्रांना नावच पडलं होतं, चहाची पत्रं. शिपाईसुद्धा विचारायचा, "मामी, आजच्या टपालात चहाचं काही आहे का? दूध सांगायचंय."

सगळे हसायचे. मामीही हसायची. मग एकदा एका देवळाच्या (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) राखणदाराची बायको आली. आपल्या पत्राचं काय झालं विचारायला. मामीने वही काढली, नंबर नव्हता. नंबर नाही म्हणजे वहीच्या लेखी पत्रच नाही. ती बाई चार वेळा आली. दर वेळी त्याच बाकावर बसली, दर वेळी मामीने वही उघडली, आणि दर वेळी वहीत तिचं काहीच नव्हतं. पाचव्यांदा ती आली नाही. तेव्हापासून मामी चहाच्या पत्रांवर हसायची थांबली. शिपायाला म्हणाली, "दुधाचं तू आतच विचारत जा."

मग नवे बिशप आले आणि त्यांनी सोळा पानांची नियमावली काढली. कुणाही धर्मगुरूविरुद्ध तक्रार आली की त्याच दिवशी शिक्का आणि नंबर. तक्रारदाराला पोच. गुन्ह्यासारखं किंवा लहान मुलांबद्दलचं काही असेल तर त्याच दिवशी पोलिसांकडे, मधे कुणी कुणाला भेटायचं नाही. बाकीच्या तक्रारी सचिव फादरांमार्फत तीन जणांच्या समितीकडे, आणि तिघांपैकी दोघं फादर नसलेले. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांनी तक्रारदाराशी परस्पर बोलायचं नाही. चहा हा शब्द सोळा पानांत कुठेही नव्हता.

मामीने ती नियमावली घरी आणली नाही, पण तिला ती पाठ झाली होती हे आम्हाला कळत होतं. भाजी चिरताना ती मधेच "नियम सहा" असं पुटपुटायची आणि मामा दचकायचा.

फक्त नियम तीन तिला खुपत होता. 'तक्रार लेखी असावी व तक्रारदाराने स्वतःच्या हाताने लिहिलेली असावी.' यातला 'स्वतःच्या हाताने' हा तुकडा सचिव फादरांनी मागाहून घालून घेतला होता. त्यांचं म्हणणं, नाहीतर एक जण दुसऱ्याला पुढे करून पत्रं लिहवून घेईल. म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण नियम लागू झाला आणि तिसऱ्या आठवड्यात खिडकीशी टाचणीताई उभ्या राहिल्या.

टाचणीताई म्हणजे देवळामागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाई. तोंडात कायम तीन-चार टाचण्या, म्हणून हे नाव. टाचण्या ओठात धरून त्या बोलतात, रागावतात, पाणीसुद्धा पीत असतील. आसपासच्या सगळ्या फादरांचे झगे त्यांच्याकडे शिवायला. आणि गायनमंडळात पहिला आवाज त्यांचा. त्या सुरू झाल्या की बाकीच्यांना फक्त मागे यायचं असतं. त्या पहिल्या ओळीत मधोमध उभ्या राहायच्या, गीतांचं पुस्तक छातीपाशी धरून, आणि पानं अगदी वेळेवर उलटायच्या.

त्यांना वाचता येत नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. एकशे बारा गीतं त्यांनी ऐकून पाठ केली होती आणि कुठल्या शब्दाला पान संपतं तेही.

हे त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं. आमच्या देवळाचे फादर, ज्यांना सगळे हसरे फादर म्हणतात. नव्या झग्याचं माप द्यायला ते दुकानात आले होते. अर्धा झगा अंगावर, दोन्ही हात पसरलेले. त्यांनी गमतीत विचारलं, "ताई, नवं पुस्तक छापतोय, अक्षर मोठं करू का तुमच्यासाठी?" आणि टाचणीताईंना काय वाटलं कोण जाणे. तोंडातल्या टाचण्या काढून त्यांनी सांगून टाकलं, "फादर, केवढंही करा, मला सारखंच. तुम्हाला म्हणून सांगते, कुठे बोलू नका."

"छे छे," फादर म्हणाले.

पुढच्याच रविवारी प्रवचनाचा विषय होता श्रद्धा. हसऱ्या फादरांची प्रवचनं लोकांना आवडतात, कारण दर पाच मिनिटांनी एक विनोद असतो. त्या दिवशीचा विनोद असा होता, "आपल्या गायनमंडळात एक ताई आहेत. पुस्तक हातात असतं, पण अक्षर एक येत नाही. परवा तर पुस्तक उलटं धरून गात होत्या! पण सूर बघा, सरळ देवाकडे!"

देऊळ हसलं. नाव घेतलं नव्हतं, पण गायनमंडळात ताया चारच, आणि त्यातल्या तिघी चौथीकडे बघत होत्या.

टाचणीताईंनी ते पुढचं गीत गायलं. पूर्ण गायलं. मग पुस्तक बाकावर ठेवलं आणि त्या पुन्हा गायला उभ्या राहिल्या नाहीत. रविवारी येत, मागच्या दारापाशी उभ्या राहत आणि शेवटच्या आशीर्वादाआधी निघून जात. दुकानात गिऱ्हाईकं येत ती आधी हसत, मग माप देत.

दोन महिने हे चाललं, आणि मग त्या एका मंगळवारी खिडकीशी आल्या. हातात बिशपांचा दुरुस्त केलेला झगा होता, तो त्यांनी फटीतून आत सरकवला.

"मामी, आणि एक तक्रार आहे."

"बाही लांब झाली का?"

"झग्याची नाही. फादरांची." आणि त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मामीने ऐकून घेतलं.

"तुम्हाला काय व्हायला हवंय, ताई?"

"मला परत गायचंय. पण मागच्या दारातून हळूच येऊन नाही. ते जिथून बोलले ना, त्याच जागेवरून त्यांनी ते परत घ्यायचं. तेवढ्याच मोठ्याने."

"मग लेखी द्या," मामीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

टाचणीताई तिच्याकडे बघत राहिल्या. "मामी, मला लिहिता येत असतं तर मी कशाला आले असते?"

मामीने नियमावली काढली. ती लिहून देऊ शकत नव्हती, 'स्वतःच्या हाताने' आडवं येत होतं. तोंडी घ्यावी तर नियमात तोंडी नाही. परत पाठवावी तर ही बाई पुन्हा येईल, पुन्हा त्याच बाकावर बसेल आणि वहीत पुन्हा काही नसेल. मामी तो नियम चार वेळा वाचत बसली. तेवढ्यात टाचणीताईंनी पिशवीतून आपली मापांची वही काढली, बिशपांचा झगा दिल्याची खूण करायला.

"हे काय आहे?" मामीने विचारलं.

"मापं."

"दाखवा."

वहीत एकही अक्षर किंवा आकडा नव्हता. खांद्याला आडवी रेघ, गळ्याला फास, पोटाला अर्धा चंद्र. पूर्ण इंचाला काडी, अर्ध्याला ठिपका. गिऱ्हाईकं चित्रांनी ओळखायची. बिशप म्हणजे टोपी, मुख्याध्यापिका म्हणजे चष्मा. आणि हसरे फादर म्हणजे नुसतं तोंड. उघडं.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच की. माझ्या खुणा मला."

"तुम्हाला वाचता येतं हे?"

"दहा वर्षांपूर्वीचं पान काढा, तुमच्या यजमानांच्या तेव्हाच्या शर्टाचं पोट सांगते."

मामीने फटीतून एक कोरा कागद आणि पेन बाहेर सरकवलं. "ताई, बसा बाकावर. काय झालं ते लिहा. तुमच्या खुणांनी, तुमच्या हाताने."

टाचणीताई सव्वा तास लिहीत होत्या. मधे दोनदा त्यांनी पेन झटकलं, एकदा डोळे पुसले आणि एकदा स्वतःशीच खुदकन हसल्या. दोन्ही बाजूंनी भरलेला कागद त्यांनी आत दिला. त्यात उघडी तोंडं अकरा होती. मामीने शिक्का मारला, नंबर घातला सव्वीस, आणि पोच लिहून बाहेर दिली. पोचेवर तिने लाल पेन्सिलने सव्वीस काड्या काढून दिल्या, नंबर कळावा म्हणून.

सचिव फादरांनी कागद हातात धरला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. हे संभाषण शिपायाने ऐकलं आणि तो काही मामीसारखा तोंडाचा घट्ट नाही.

"बाई, हे काय आहे?"

"तक्रार आहे, फादर. सव्वीस नंबर."

"ही कुठली लिपी?"

"त्यांची."

"यात काय म्हटलंय?"

"मला वाचता येत नाही, फादर. ज्यांनी लिहिली त्यांना येते."

"नियमात लेखी म्हटलंय!"

"लेखीच आहे. स्वतःच्या हाताने. मी समोर बसले होते. लिपी कुठली असावी ते नियमात नाही. मी बघितलं, सोळाही पानं बघितली."

सचिव फादरांनी कागद खाली ठेवला. मग मऊ आवाजात म्हणाले, "बरं, मी त्या ताईंना बोलावतो. चहा घेऊ, त्या मला वाचून दाखवतील."

"नियम सहा," मामी म्हणाली. "तक्रारदाराला समितीनेच बोलवायचं."

सचिव फादर हरणारे नव्हते. चार दिवसांनी फाइल मामीकडे परत आली, वर शेरा होता, 'अवाचनीय. दप्तरी दाखल.' म्हणजे कपाटात, म्हणजे चहाचंच पत्र, फक्त चहा न घेता. मामी त्या दिवशी घरी उशिरा आली आणि आमटीत मीठ दोनदा घातलं. मामाने आमटीच्या जागी दही मागितलं. जेवण झाल्यावर मामीने आम्हा दोघांना विचारलं, "अवाचनीय म्हणजे काय रे?"

"वाचता न येणारं," मी म्हणालो.

"कुणाला?"

माझं मराठीचं पदवीचं शिक्षण त्या एका प्रश्नापुरतं अपुरं पडलं.

दुसऱ्या दिवशी तिने शेऱ्याखाली आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'लिहिणाऱ्यालाही वाचता आलं नाही तर अवाचनीय. तसं आहे का हे समितीने पाहावं.' आणि फाइल थेट बिशपांच्या टेबलावर नेऊन ठेवली. आवक-जावकच्या कारकुनाने शेऱ्यावर शेरा मारायचा नसतो. बावीस वर्षांत तिने मारला नव्हता. त्या संध्याकाळी ती देवघरासमोर, म्हणजे आमच्या घरातल्या क्रुसासमोर, नेहमीपेक्षा बराच वेळ उभी होती. मामा माझ्या कानात म्हणाला, "नोकरी गेली तर हिला दिवसभर घरात सहन करायचं आहे. तूही प्रार्थना कर."

बिशपांनी फाइलवर एकच शब्द लिहिला. 'ऐकावं.'

आता यात गंमत काय झाली बघा. एरवी समितीपुढे कागद जातो, तिघं तो वाचतात, आपापसांत बोलतात, ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांना विचारतात आणि निकाल देतात. ज्याची तक्रार, त्याला कोण बोलावतं? लेखी आहे की समोर! पण सव्वीस नंबर असा कागद होता जो लिहिणाऱ्या बाईशिवाय कुणालाच वाचता येत नव्हता. तेव्हा तिला बोलावणं, खुर्ची देणं आणि शेवटपर्यंत ऐकणं, याला दुसरा इलाजच उरला नाही.

समितीत एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक वकील आणि बाहेरून आलेले एक म्हातारे फादर. लांब टेबलाच्या एका टोकाला हसरे फादर, दुसऱ्या टोकाला टाचणीताई. दाराशी मामी, कारण कागदावरचा शिक्का आपणच मारला हे सांगायला तिला बोलावलं होतं. टाचणीताईंनी आल्याआल्या ओठातल्या टाचण्या काढून पदराला खोचल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वाचा ताई."

त्यांनी खुणेवर बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. दुकानातली ती दुपार, अर्धा झगा, काय विचारलं, काय सांगितलं, रविवारी काय ऐकलं. अडखळल्या नाहीत. पहिलं पान संपलं तेव्हा वकील म्हणाले, "एक मिनिट. हे त्या खरंच वाचताहेत की तोंडपाठ म्हणताहेत, हे कसं कळायचं?" त्यांनी कागद स्वतःकडे ओढला, मधेच एका ठिकाणी बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे काय लिहिलंय?"

टाचणीताईंनी मान वाकडी करून बघितलं. "साहेब, तुम्ही कागद उलटा धरलाय."

मुख्याध्यापिका पहिल्यांदा हसल्या. मग म्हातारे फादर. मग स्वतः वकील, कान लाल करून. सवयीने हसरे फादरही हसले, पण मधेच थांबले. शिपाई सांगतो, त्यांचं हसू असं मधेच थांबलेलं त्याने प्रथमच पाहिलं.

वकिलांनी कागद सरळ केला आणि बोट ठेवलं. टाचणीताई म्हणाल्या, "इथे आहे, 'वाचता येत नाही हे खरं, त्याला मी खोटं म्हणत नाही. पण पुस्तक उलटं धरते हे साफ खोटं. पुस्तकाच्या वरच्या कोपऱ्यात मी लाल दोरा शिवलाय. आयुष्यात एकदाही उलटं धरलेलं नाही.'" आणि त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. लाल दोरा होता.

"फादर?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"उलटं... ते मी घातलं," हसरे फादर म्हणाले. "त्याशिवाय विनोद जमत नव्हता. पण ताई, मी प्रेमाने बोललो. आणि हे काही पापनिवेदन नव्हतं, की गुप्तच ठेवायला हवं. दुकान होतं ते. माप चाललं होतं."

म्हातारे फादर इतका वेळ झोपल्यासारखे बसले होते. ते म्हणाले, "झगा अंगावर होता ना?"

"अर्धा होता."

"मग निदान अर्धं तरी पोटात ठेवायचंत."

टाचणीताई म्हणाल्या, "फादर, तुम्ही प्रेमानेच बोललात, मला माहिती आहे. पण दोन महिने मी सूर लावलेला नाही. मशीनवर बसले की गाणं घशापर्यंत येतं आणि तिथे तुमचा विनोद बसलेला असतो." हे कागदात नव्हतं. कागद एव्हाना संपला होता, पण कुणी त्यांना थांबवलं नाही.

निकाल बाराव्या दिवशी आला. फादरांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड केली आणि वर खोटंही जोडलं, हे सिद्ध. त्यांनी ज्या जागेवरून ते म्हटलं त्याच जागेवरून माफी मागावी. सहा महिने प्रवचन दुसऱ्या फादरांनी करावं, आणि यांनी त्या काळात लोकांचं ऐकून घेण्याच्या प्रशिक्षणाला जावं. शेवटी एक ओळ होती, 'नियम तीन बदलून, तक्रार लेखी किंवा तोंडी असावी. तोंडी असल्यास कारकुनाने लिहून तक्रारदारास वाचून दाखवावी.' ही ओळ सचिव फादरांनी स्वतः टाइप केली. टाइप करून ते मामीच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "बाई, 'स्वतःच्या हाताने' काढलं बरं का." मामी म्हणाली, "बसा फादर, चहा सांगते." ते आधी चमकले, मग इतके हसले की चष्मा काढावा लागला.

पण खरी परीक्षा रविवारी होती. कागदावर माफी लिहिणं वेगळं आणि भरल्या देवळात मागणं वेगळं. टाचणीताई पहिल्या ओळीत मधोमध उभ्या होत्या, पुस्तक हातात. "धरायचंच," त्या आदल्या दिवशी दुकानात म्हणाल्या होत्या. "नाहीतर हातांचं काय करायचं गाताना?" लोकांना काय होणार याचा वास लागला होता. मागच्या भिंतीपर्यंत माणसं उभी. मी आणि मामी शेवटून दुसऱ्या बाकावर.

हसरे फादर वेदीपुढच्या त्या जागेवर आले. हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी सुरुवात केली. ओठ हलताना दिसत होते, "...मला विश्वासाने..." असं काहीतरी आलं, मग "...जे खरं नव्हतं तेही..." आणि बाकीचं पुढच्या दोन बाकांतच राहिलं.

पहिल्या ओळीतून आवाज आला. रागाचा नव्हता. मंडळात नव्या मुलीला सूर चुकल्यावर सांगतात तसा, कामाचा.

"फादर, मागे ऐकू जात नाहीये."

हसऱ्या फादरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग मान हलवली, घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाले, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. "या ताईंनी मला एक गोष्ट विश्वासाने सांगितली होती. मी ती इथून तुम्हाला हसवायला वापरली. वर एक खोटं घातलं. त्यांनी पुस्तक कधीच उलटं धरलं नाही. तुम्ही हसलात, तो दोष माझा. ताई, मला माफ करा."

"केलं," टाचणीताई म्हणाल्या. "एकोणचाळीस काढा."

पानांची सळसळ झाली. एकोणचाळीस नंबरचं गीत अवघड आहे, वरच्या पट्टीतलं. तीनेक महिने कुणी त्याच्या वाटेला गेलं नव्हतं. टाचणीताईंनी डोळे मिटले आणि सूर लावला, आणि मला संगीतातलं काही कळत नाही, पण माझ्या हातावर काटा आला हे मी बघितलं. दुसऱ्या ओळीला सगळं देऊळ त्यांच्या मागे होतं. हसरे फादरही गात होते, आणि नेहमीसारखे पुढे पुढे न करता, मागे राहून.

माझ्या शेजारी मामी गात होती. पूर्ण गळा मोकळा सोडून, सपशेल बेसूर. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. दोन बाकं पुढच्या एक बाई वळून बघायला लागल्या. मामीने त्यांच्याकडे बघून छान हसून घेतलं आणि आवाज आणखी वाढवला.